विषयसूत्र असलेले शब्दकोडे: आधी सूत्र शोधावे की आधी शब्द भरावेत?

सोलापूरकर_पेन्सिल

आमच्या घरी येणाऱ्या दैनिकातील शब्दकोड्याला काही महिन्यांपासून रोज एक शीर्षक असते आणि त्या दिवसाचे पाच-सहा मोठे शब्द त्या शीर्षकाशी कुठल्यातरी सूत्राने बांधलेले असतात. सूत्र काय आहे हे मात्र छापत नाहीत. नेहमीचे कोडे चहासोबत संपते. हे दुपारपर्यंत डोक्यात फिरत राहते आणि शब्द भरून झाले तरी काहीतरी निसटल्याची रुखरुख उरते.

कालचे कोडे 11 बाय 11 चौकटींचे आहे आणि त्याचे शीर्षक आहे 'आतल्या आत'. 'माल साठवण्याची जागा' याचे उत्तर गोदाम, 'शिक्षणाचा श्रीगणेशा यानेच' याचे मुळाक्षर, 'दिवसाची सांगता' म्हणजे सूर्यास्त, 'काशीची अन्नदात्री' म्हणजे अन्नपूर्णा आणि 'पारिजातकासाठी रुसलेली' म्हणजे सत्यभामा, एवढे भरले आहे. हे शब्द बरोबर असावेत, कारण मुळाक्षरातील 'ळा' शाळेशी, सूर्यास्तातील 'र्या' मर्यादेशी आणि अन्नपूर्णेतील 'र्णा' अपर्णेशी नीट जुळतो. सत्यभामा आणि अन्नपूर्णा या दोघी स्त्रिया आहेत म्हणून तसे काही सूत्र असावे असे धरले, तर गोदामाचे काय करायचे?

अडकलो आहे तो दोन ठिकाणी. एक चार घरांचा शब्द आहे, शोधसूत्र 'देवाला वाहिलेले'. शेवटची दोन घरे 'र्प' आणि 'ण' अशी पक्की आहेत, पण पहिली दोन घरे कुठल्याही उभ्या शब्दात येत नाहीत. त्यामुळे ब्रह्मार्पण आणि कृष्णार्पण हे दोन्ही शब्द सारखेच बसतात. दुसरा शब्द पाच घरांचा असून तळाच्या आडव्या ओळीत मधोमध आहे. त्याचे शोधसूत्र 'गयेची फल्गू अशी, आणि या कोड्यातले मोठे शब्दही असेच' असे आहे. त्यातील दुसरे घर 'तः' (स्वतःमुळे), तिसरे 'स' आणि पाचवे 'ला' एवढे मिळाले आहे.

उत्तरे उद्याच्या अंकात येतील, तेव्हा कृपया थेट उत्तर सांगू नये. अशी कोडी नियमाने सोडवणारे आधी सूत्राच्या मागे लागतात की आधी शब्दांच्या, हे जाणून घ्यायचे आहे.

उभे_आडवे

आधी शब्द, पण सगळे नव्हे. सूत्राचे तीन शब्द हाती आले की भरणे थांबवावे आणि ते तीन शब्द कागदावर एकाखाली एक, घरे पाडून लिहावेत. आपण गोदाम, मुळाक्षर, सूर्यास्त हे शब्द डोळ्यांनी वाचत आहात, म्हणून त्यांचा अर्थ आडवा येतो आहे. कोडीकाराने ते घरांत मांडले आहेत. सू, र्या, स्त असे तीन तुकडे पाहिले, तर सूर्यास्ताचा दिवस मावळण्याशी काही संबंध राहत नाही.

सूत्रे ढोबळमानाने दोन जातींची असतात. पहिल्या जातीत शब्दांचे अर्थ एका कुळातले असतात, उदाहरणार्थ सगळी वाद्ये किंवा सगळे किल्ले. ते दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच उघडे पडते. दुसऱ्या जातीत अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो आणि जे काही सारखे असते ते अक्षरांमध्ये दडलेले असते. गोदाम आणि सत्यभामा एका पंगतीत बसलेले दिसले, की दुसरी जात आहे हे ओळखावे. शीर्षकही तेच सांगते आहे. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीचे किंवा शेवटचे एक-दोन तुकडे झाकून उरलेले मोठ्याने वाचावे, आणि शेजारी महाराष्ट्राचा नकाशा ठेवावा. याहून अधिक सांगितले तर ते उत्तरच होईल.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती आपल्या दुसऱ्या अडचणीशी निगडित आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे असतात, त्यामुळे आडवा-उभा छेद जमवणे तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे एका 'क'ची बाराखडी धरली तरी प्रत्येक रूप वेगळे घर मागते, वर जोडाक्षरे आणि रफार वेगळेच. 'र्प' ज्या घरात आहे तिथे 'प' असलेला उभा शब्द चालत नाही. म्हणून मराठी कोड्यात काळी घरे अधिक पडतात आणि कित्येक घरे एकाच शब्दाच्या आधारावर उभी राहतात. अशा निराधार घरांना दुसरा आधार द्यायचा तर तो सूत्राचाच. आपल्या ब्रह्मा-कृष्णाचा निवाडा उभा शब्द करणार नाही, सूत्र करील. आणि शोधसूत्रात 'अर्पिलेले' असे सरळ न लिहिता 'वाहिलेले' का लिहिले, याचाही विचार करावा. चांगला कोडीकार क्रियापद उगाच निवडत नाही.

सोलापूरकर_पेन्सिल

उलगडले! गोदामात गोदा, मुळाक्षरात मुळा, सूर्यास्तात सूर्या, अन्नपूर्णेत पूर्णा. 'वाहिलेले' आता हसवते आहे. कृष्णार्पणच असणार, कारण त्यातून कृष्णा वाहते आणि ब्रह्मार्पणातून काही वाहत नाही. तळाचा शब्द अंतःसलिला. फल्गूचे पात्र वरून कोरडे दिसते आणि पाणी वाळूखालून जाते, हे लहानपणी आजीकडून ऐकले होते, पण शब्द जिभेवर येत नव्हता.

सत्यभामेतील भामा मात्र मला नकाशातच शोधावी लागली. भामा आसखेड धरणाचे नाव बातम्यांत अनेकदा वाचले आहे, तरी भामा ही भीमेला मिळणारी नदी आहे हे कधी लक्षात आले नव्हते. उत्तर उद्या छापून येणारच आहे, त्यामुळे आता मोकळेपणाने चर्चा करायला हरकत नाही.

शब्दसखी

मला या पद्धतीबद्दल थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. सूत्र एकदा सापडले की माणूस प्रत्येक रिकाम्या जागी त्याच सूत्राचे शब्द कोंबू लागतो. नद्यांचे कोडे आहे हे कळल्यावर माझा हात तीन घरांच्या प्रत्येक शब्दात कोयना लिहायला शिवशिवतो. अशा कोड्यात सूत्राचे शब्द बहुधा लांब असतात आणि चौकटीत समोरासमोर, म्हणजे एक वरून जितक्या ओळींवर असेल तितक्याच ओळींवर दुसरा खालून, असे मांडलेले असतात. तेवढ्याच जागा सूत्राने भराव्यात आणि बाकीचे शब्द नेहमीच्या शोधसूत्रांवर सोडावेत.

गणेशोत्सवात जी 'विशेष' कोडी येतात, ज्यांत मोदक, दूर्वा, आरती, मखर असे सगळे उघडपणे पेरलेले असते, त्यांना मी सूत्राची कोडी मानत नाही. ती यादी आहे.

हडसनकाठ

मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्क टाइम्सचे कोडे सोडवतो, म्हणून तिकडची रीत सांगतो. 'उभे_आडवे' यांनी आधाराचा जो मुद्दा मांडला आहे, तो त्या रीतीशी ताडून पाहण्यासारखा आहे.

अमेरिकी दैनिकांतील कोडे 15 बाय 15 घरांचे असते आणि त्यातील एकूण एक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येते. तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द चालत नाही. टाइम्समध्ये सोमवार ते गुरुवार सूत्र असते, शुक्रवारी आणि शनिवारी ते नसते, आणि तरीही शनिवारचे कोडे आठवड्यातले सर्वांत अवघड मानले जाते. सूत्र नसले तरी काम अडत नाही, कारण छेद पुरेसे असतात. इतर दिवशी कोड्याला शीर्षकही नसते; ते फक्त रविवारच्या 21 बाय 21 च्या मोठ्या कोड्याला मिळते. बाकी दिवशी शीर्षकाचे काम 'अंतःसलिला'सारखा एखादा शब्द करतो, ज्याला तिकडे 'रिव्हीलर' म्हणतात आणि जो बहुतेक वेळा चौकटीच्या मधल्या किंवा खालच्या भागात ठेवलेला असतो. मी तर मोठे शब्द अर्धवट ठेवून आधी तोच गाठतो. ज्या शोधसूत्रात 'या कोड्यातले इतर शब्द' असा उल्लेख असेल ते सर्वांत आधी वाचावे, असा माझा साधा नियम आहे.

ब्रिटिश रीत याच्या उलट आहे, आणि आपल्याकडे 'द हिंदू'चे गूढ कोडे त्याच घराण्यातले. तिथे साधारण निम्म्याच अक्षरांना छेद मिळतो, म्हणून प्रत्येक शोधसूत्रात उत्तराचा अर्थ एका टोकाला आणि शब्दखेळ दुसऱ्या टोकाला, असे दोन रस्ते दिलेले असतात. म्हणजे अमेरिकी कोडे छेदांवर उभे आहे आणि ब्रिटिश कोडे दुहेरी शोधसूत्रावर. मराठी कोड्याकडे छेद थोडे आणि शोधसूत्रेही सरळ. तेव्हा सूत्राची सर्वाधिक गरज खरे तर आपल्यालाच आहे. आश्चर्य याचे वाटते की, ते वापरणारी दैनिके इतकी कमी का?

कृष्णार्पण आणि ब्रह्मार्पण यांच्या पेचावरून टाइम्सचे 5 नोव्हेंबर 1996 चे कोडे आठवले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान होते. मधल्या ओळीतील शोधसूत्र उद्याच्या वृत्तपत्राच्या मुख्य बातमीबद्दल होते आणि उत्तरात क्लिंटन किंवा बॉब डोल, दोघांपैकी कोणाचेही नाव बसत होते, कारण इंग्रजीत दोन्ही नावे सात अक्षरांची होतात. गंमत अशी की, त्या सात अक्षरांना छेदणारे सातही उभे शब्द दोन्ही प्रकारे बरोबर ठरत होते. 'हॅलोविनचा काळा प्राणी' याचे उत्तर 'सी'ने मांजर होई आणि 'बी'ने वटवाघूळ. जेरेमाया फॅरेल या गणिताच्या प्राध्यापकांनी ते रचले होते. तिथे छेदांनी मुद्दाम निवाडा केला नाही. आपल्या कोडीकाराने मात्र सूत्राकडून करून घेतला.

चौकोनी

मी हौसेने कोडी रचतो, म्हणून कौतुकाबरोबर थोडी कुरकुरही नोंदवतो. कल्पना अस्सल आहे आणि 'अंतःसलिला' ही किल्ली तर हेवा वाटावा अशी. फल्गूचे शोधसूत्र देऊन त्यालाच सूत्राची व्याख्या करून टाकणे, हे सोपे काम नाही.

परंतु या पाच-सहा शब्दांत नदी लपवण्याची तऱ्हा एकसारखी नाही. कृष्णार्पण, सूर्यास्त आणि मुळाक्षर पाहा: कृष्ण आणि अर्पण, सूर्य आणि अस्त, मूळ आणि अक्षर. दोन शब्द जुळताना जो 'आ' तयार होतो, त्या 'आ'नेच नदी जन्माला येते. घटक शब्द सुटे केले, तर नदी कुठेच नसते. याला म्हणतात लपवणे. गोदामात असे काही होत नाही; तिथे गोदा नुसती शब्दाच्या तोंडाशी बसलेली आहे. सत्यभामेतील भामा आणि अन्नपूर्णेतील पूर्णा हे तर त्या शब्दांचे सरळसरळ घटकच आहेत, त्यांना लपलेले म्हणणे कठीण. मी रचले असते तर संधीचा नियम शेवटपर्यंत पाळला असता आणि अन्नपूर्णेऐवजी पूर्णाहुती घेतली असती. पूर्ण आणि आहुती यांतून पूर्णा निघते, घरेही चारच. सत्यभामेच्या जागी भीमार्जुन बसला असता. भीम आणि अर्जुन या दोन पुरुषांच्या सांध्यातून भीमा वाहते, आणि तीही चार घरांत. गोदामाला मात्र संधीचा तीन घरांचा पर्याय मला अजून सापडलेला नाही. कदाचित कोडीकारालाही सापडला नसेल आणि नाइलाजाने त्याने ते ठेवले असेल. वर्धापनात वर्धा सापडते, हेही वाचकांनी चाखून पाहावे. ती संधीने आलेली नाही, पण आहे गोड.

भीमाशंकर घेतले नाही, हे कोडीकाराचे शहाणपण. भीमा तिथेच उगम पावते, त्यामुळे तिला तिथे लपवता येणार नाही.

दुसरी तक्रार अशी की, ज्यांनी कोडे भरले आहे त्यांनी उभा 19 पुन्हा पाहावा. 'सूर्योदयापूर्वी प्यावे असे ताडामाडाचे पेय' याचे उत्तर नीरा. पेय म्हणून शोधसूत्र निर्दोष आहे, पण नीरा ही भीमेला मिळणारी नदीही आहे, आणि जिथे सर्व नद्या आतून वाहायच्या आहेत तिथे ही एक उघड्यावर वाहते आहे. सूत्राबाहेरच्या शब्दांत सूत्रातली वस्तू येऊ देऊ नये, हा संकेत जिथे सूत्राची कोडी रुळली आहेत तिथे कसोशीने पाळतात.

सोलापूरकर_पेन्सिल

नीरा मी पहिल्या पाच मिनिटांतच भरली होती आणि तिच्यातून काही सुचले नाही, ते बरेच झाले. सुचले असते तर पेयांचे सूत्र शोधत बसलो असतो. आपल्या संधीच्या नियमात पवनास्त्र बसेल का? पवन आणि अस्त्र यांतून पवना निघते, चार घरे. पण हा शब्द छापील कोशात आहे की फक्त पौराणिक मालिकांत, याची खात्री करून घ्यावी लागेल.

चौकोनी

बसेल. शेवटच्या 'स्त्र' घराला उभा शब्द मात्र वस्त्र, शस्त्र, शास्त्र असाच घ्यावा लागेल, म्हणजे पवनास्त्र चौकटीच्या खालच्या कडेजवळ ठेवावे, म्हणजे ते उभे शब्द तिथे येऊन संपतील. मुळाक्षर त्याच्या समोर, वरच्या कडेजवळ बसवता येते. आज रात्री चौकट आखून पाहतो.