प्रतिसाद: खाचरात लोखंडी नांगर

कोकणातल्या उताराच्या खाचरात लोखंडी नांगराने माती खालच्या बांधाकडे सरकते, असं वर कुणी लिहिलंय. खरं आहे, पण तो एकाच बाजूला माती टाकणाऱ्या नांगराचा दोष. पंख (माती उलटवणारा वाकडा पत्रा) पालटता येणारा नांगर घ्या. पहिलं तास (नांगराची ओळ) वरच्या बांधाकडून, वीतभर जागा सोडून (बांधाचा पाया उकरू नका!), मग एकेक तास खाली सरका. वळणावर पंख धरून ठेवणारा आकडा काढून पंख पालटायचा, म्हणजे माती कायम चढाकडेच पडते. आकडा झिजला की पंख मध्येच सुटतो आणि बैल बिचकतात. तो आधी तपासा. फाळ खोल रुतत असेल तर नांगर जुवाला जोडणारी साखळी नांगराच्या पुढच्या टोकाला एक भोक खाली अडकवा किंवा थोडी आखूड करा.