पहिल्यांदाच मसाज घेणार आहे, काय तयारी करू?

सावली७
पुढच्या आठवड्यात ६० मिनिटांचा पूर्ण अंगाचा मसाज ठरवला आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मान आणि उजवा खांदा आखडलेला असतो. जेवून जावं की उपाशीपोटी? कपडे किती काढावे लागतात? आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणतात, ते कितपत चालतं? रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे.

निवांत
पोटभर जेवण आणि मसाज यात दोन तासांचं अंतर ठेवा. निम्मा वेळ पालथं झोपायचं असतं आणि भरल्या पोटावर पाठ दाबली की मळमळतं. अगदी उपाशीही जाऊ नका, उठताना गरगरतं. कॉन्टॅक्ट लेन्स, गळ्यातलं, कानातलं काढून ठेवा. लघवीला जाऊन या, नाहीतर अर्ध्या तासातच चुळबुळ सुरू होते.

कपडे तुम्हाला मोकळं वाटेल तेवढेच काढायचे. थेरपिस्ट खोलीबाहेर गेल्यावर बदलून चादरीखाली झोपायचं. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं, हा साधा नियम आहे. तो पाळला जात नसेल तर मध्येच थांबवायला अजिबात संकोचू नका.

माझं मत विचाराल तर पूर्ण अंगाचा घेऊच नका. ६० मिनिटं हात, पाय, पाठ, डोकं यांत वाटली की मान-खांद्याच्या वाट्याला जेमतेम १०-१५ मिनिटं येतात. सुरुवातीची काही मिनिटं तर स्नायू नुसते सैल होण्यातच जातात. ‘फक्त मान, खांदे आणि पाठ’ असं आधीच सांगा. छातीच्या वरच्या भागातले, खांद्याला पुढे ओढणारे स्नायूही बघायला सांगा. बैठ्या कामाने तेही आखडतात. तिथे हात लावण्याआधी थेरपिस्टने तुम्हाला विचारलं पाहिजे.

तेल कोणतं ते विचारून घ्या. बदाम, तीळ, शेंगदाणा यांपैकी कशाची ॲलर्जी असेल तर ते तेल अंगालाही नको. शंका असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास बघा.

कृष्णकमळ
प्रत्यक्ष मसाजबद्दल लिहिते. आधी तळहाताने लांब, हलके हात फिरवतात, मग स्नायू कणकेसारखे मळतात आणि शेवटी अंगठ्याने गाठींवर दाब देतात. सुरुवातीलाच गाठ रगडायला घेतली तर स्नायू उलट आवळतो.

मान आणि खांदा जिथे मिळतात तिथल्या जाड स्नायूत तुमची गाठ बहुधा सापडेल. तिथे अंगठा स्थिर ठेवला की दुखणं मानेतून वर कानामागे, कधी कानशिलापर्यंत चढतं. घाबरू नका, त्या गाठीचं दुखणं तसंच पसरतं. २०-३० सेकंदांत ते ओसरायला लागलं तर दाब बरोबर आहे. ओसरण्याऐवजी वाढत असेल, तुम्ही श्वास रोखून धरला असेल किंवा मूठ वळली असेल, तर दाब जास्त आहे. १० पैकी ६ च्या वर दुखणं जाऊ देऊ नका. ‘थोडं हलकं’ एवढं म्हटलं तरी पुरतं. सोसत पडून राहण्यात काहीच फायदा नाही.

हाताला मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा विजेसारखी चमक गेली तर नस दाबली जातेय. तिथून हात लगेच काढायला सांगा. मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत, गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात आणि थेट मणक्यांवर जोराचा दाब कधीच नको. मान कडकन मोडून घेऊ नका. तो मसाजचा भाग नाही.

निवांत
गोळीचं राहिलं. मसाजने रक्तदाब थोडा उतरतो आणि तुमची गोळी तेच काम करत असते. म्हणून संपल्यावर ताडकन उठू नका. आधी कुशीवर वळा, हाताचा रेटा देऊन बसा, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं थांबा आणि मग उभ्या राहा. त्याआधी तळपायाचं तेल पुसा, गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो.

सावली७
खूप आभार, दोघांचेही. मसाजनंतर भरपूर पाणी प्यायलं की विषद्रव्यं निघून जातात, हे खरं का?

कृष्णकमळ
नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं एरवीही करत असतात. तहान लागेल तेवढं पाणी प्या, बस्स.

दुसऱ्या दिवशी नवा व्यायाम केल्यासारखं अंग दुखलं तर २४ ते ४८ तासांत थांबतं. त्या दिवशी कोमट पाण्याने आंघोळ करा, जड व्यायाम टाळा. दुखणं तीन दिवसांवर गेलं, मोठे काळेनिळे डाग पडले किंवा हाताची ताकद कमी वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

ताप असेल, त्वचेवर संसर्ग किंवा जखम असेल, तर तारीख पुढे ढकला. रक्त पातळ करणारी गोळी असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि थेरपिस्टलाही सांगा. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मात्र तिला हात लावू देऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मसाज रद्द करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.