उमेदवार न्यायमूर्तींचा ‘खरा कल’ नेमणुकीआधी ओळखता येतो का? (सूटर आणि मायर्स यांच्या निमित्ताने)

मुक्ता_द

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले हे न्यायमूर्ती पुढे उदारमतवादी गटात जाऊन बसले आणि ‘पुन्हा सूटर नको’ हे त्या पक्षाचे पालुपदच झाले, ही गोष्ट त्या वेळी पुन्हा चर्चेत आली. सूटर यांच्या १९९० मधल्या नेमणुकीनंतर पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी व्हाइट हाउसमधल्या आपल्या कायदेसल्लागार हॅरिएट मायर्स यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे केले, तेव्हा त्यांच्यावर तुटून पडले ते विरोधक नव्हेत, तर बुश यांचेच समर्थक. ३ ऑक्टोबरला जाहीर झालेले नाव २७ ऑक्टोबरला मागे घेतले गेले.

मला कोडे पडते ते असे. मायर्स यांनी १९८९ मध्ये डॅलसच्या नगर परिषदेची निवडणूक लढवताना, आईच्या जिवाला धोका असल्याखेरीज गर्भपाताला बंदी घालणारी घटनादुरुस्ती आली तर आपण तिला पाठिंबा देऊ, असे लेखी उत्तर दिले होते. इतके स्पष्ट मत हाताशी असताना समर्थकांना आणखी कसला पुरावा हवा होता? आणि सूटर यांच्या बाबतीत पक्षाची खरोखरच फसगत झाली, की समोर असलेले कोणी नीट वाचलेच नाही?

अ_जोगळेकर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

१९८७ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुचवलेले रॉबर्ट बोर्क यांचे नाव, अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळले. बोर्क यांनी आयुष्यभर विपुल लिहिले होते आणि तेच लेखन विरोधकांच्या कामी आले. म्हणून १९९० मध्ये न्यायमूर्ती ब्रेनन निवृत्त झाले तेव्हा थोरल्या बुश यांनी जवळजवळ काहीच न लिहिलेला माणूस शोधला. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ न्यायालयातील काही वर्षे सोडली, तर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सात वर्षे आणि संघराज्याच्या अपील न्यायालयात जेमतेम काही महिने, एवढीच सूटर यांची न्यायाधीश म्हणून कारकीर्द होती. राष्ट्राध्यक्षांचे मुख्य सचिव जॉन सुनुनू हे त्याच राज्याचे माजी गव्हर्नर होते आणि त्यांनीच सूटर यांना तेथील सर्वोच्च न्यायालयात नेमले होते. माणूस आपलाच आहे, अशी ग्वाही ते पुराणमतवादी मंडळींना देत होते.

आज विसरले जाते ते हे, की त्या वेळी धास्ती घेतली होती ती उदारमतवाद्यांनी. स्त्रियांच्या संघटनांनी सिनेटच्या न्यायसमितीसमोर जाऊन विरोध नोंदवला आणि सिनेटच्या ९० विरुद्ध ९ अशा मतदानात विरोधातली नऊच्या नऊ मते डेमोक्रॅट सदस्यांची होती. सूटर राज्याचे महाधिवक्ता असतानाचा एक खटला विरोधकांना खटकत होता. न्यू हॅम्पशायरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘स्वतंत्र जगा किंवा मरा’ असे राज्याचे ब्रीद छापलेले असते. ते आपल्या धर्मश्रद्धेला पटत नाही म्हणून झाकणाऱ्या एका नागरिकाला शिक्षा झाली आणि राज्याने ती बाजू १९७७ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली (आणि हरले). वकिलाने अशिलाची बाजू मांडली यावरून वकिलाचे मत ठरवायचे, ही चूक सगळ्याच पक्षांचे लोक करतात.

खरा पुरावा सुनावणीतच होता. खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत शब्दशः लिहिलेला नसला, तरी तिच्या संरक्षणात येतो, हे सूटर यांनी तेथे मान्य केले. आदर्श म्हणून त्यांनी नाव घेतले ते पूर्वनिर्णय आणि परंपरा यांना फार मान देणाऱ्या न्यायमूर्ती हार्लन यांचे. १९९२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा गाभा कायम ठेवणारा निर्णय ओ’कॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी संयुक्तपणे लिहिला. तिघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. त्यातला, प्रस्थापित निर्णय सहजासहजी का मोडू नये, हा भाग सूटर यांच्या लेखणीतला मानला जातो. म्हणजे माणूस बदलला नव्हता. बोर्क प्रकरणाने तोंड पोळलेल्या पक्षाला कोरी पाटी हवी होती आणि त्या पाटीवर त्यांनी स्वतःच्याच अपेक्षा वाचल्या.

आता मायर्स यांच्याकडे वळू. गर्भपात वाईट, असे वाटणे हे राजकीय किंवा धार्मिक मत झाले. राज्यघटनेचा अर्थ कसा लावायचा आणि न पटणारा जुना निर्णय कितपत बांधील मानायचा, हा कल वेगळा, आणि त्याबद्दल मायर्स यांच्या कागदपत्रांत काहीच नव्हते. त्यातच त्यांचे १९९३ मधले एक भाषण बाहेर आले, ज्यात व्यक्तीच्या आत्मनिर्णयाकडे झुकणारा सूर होता. मग उरलासुरला धीरही सुटला. ‘मी तिचे अंतःकरण ओळखतो’ या अर्थाचे बुश यांचे आश्वासन सूटर प्रकरणानंतर कोणी स्वीकारणे शक्यच नव्हते.

रेवा_न्यू_जर्सी

जोगळेकरांचे विवेचन पटले, तरी मायर्स यांना झालेल्या विरोधाचे सगळे श्रेय ‘कल’ काय असेल या शंकेला देणे मला जास्त वाटते. त्या कधीच न्यायाधीश नव्हत्या, आणि सिनेट न्यायसमितीच्या प्रश्नावलीला त्यांनी दिलेली उत्तरे इतकी त्रोटक होती, की दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठ सदस्यांनी मिळून ती पुन्हा लिहून मागितली. नाव मागे घेताना मात्र, सिनेटने व्हाइट हाउसचे अंतर्गत कागद मागितल्याचे कारण पुढे केले गेले. पड खाताना मान राखायची ती रीत होती.

शिवाय ही डोकेदुखी एकाच पक्षाची नाही. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल लिहिला निक्सन यांनी नेमलेल्या ब्लॅकमन यांनी, आणि त्याला विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक, बायरन व्हाइट, हे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी नेमलेले होते.

परंतु अलीकडे मागणीच बदलली आहे, असे मला इथे राहून दिसते. ट्रम्प यांनी नेमलेल्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी २०२२ मध्ये तो १९७३ चा निकाल रद्द करणाऱ्या बाजूने मत दिले. पक्षाला अनेक दशके जे हवे होते ते मिळाले. तरीही मार्च २०२५ मध्ये परदेशी मदतीचा निधी रोखण्याच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा आदेशात बॅरेट ट्रम्प सरकारच्या विरोधात गेल्या आणि त्याच समर्थकांनी त्यांच्यावर आगपाखड केली. त्यांचा कल तर तसाच आहे. समर्थकांना आता कल नको, निष्ठा हवी आहे, आणि ती कोणत्याही सुनावणीत तपासता येत नाही.

सदाशिव_प

रेवाताई, निष्ठा आणि कल यांतला हा फरक आपल्याकडेही लावून पाहता येईल. कृष्णा अय्यर हे केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते आणि १९७३ मध्ये, इंदिरा गांधींच्या राजवटीत, ते सर्वोच्च न्यायालयात आले. त्यांचा डावा कल जगजाहीर होता. पण अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराजींची निवडणूक रद्द ठरवल्यावर, २४ जून १९७५ रोजी, त्या निकालाला त्यांना हवी असलेली बिनशर्त स्थगिती अय्यर यांनी दिली नाही. पंतप्रधानपदी राहता येईल, मात्र लोकसभेत मतदान करता येणार नाही, अशी अट घातली. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

मुंबई उच्च न्यायालयाची उदाहरणे तर ताजी आहेत. सोमशेखर सुंदरेसन यांनी न्यायप्रविष्ट विषयांवर समाजमाध्यमांत मते मांडली, असा आक्षेप केंद्राने घेतला; न्यायवृंदाने (नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, म्हणजे कॉलेजियमने) जानेवारी २०२३ मध्ये तो लेखी कारणांसह फेटाळला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची नेमणूक झाली. २०२५ मध्ये आरती साठे यांच्या नावाला विरोधी पक्षांनी हरकत घेतली, कारण त्या पूर्वी भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. एकदा सरकार साशंक, एकदा विरोधक. दोन्ही वेळा उमेदवाराला जाहीर सुनावणीत समोर बसवून, पूर्वनिर्णयाकडे तुम्ही कसे पाहता, एवढे विचारण्याची सोय मात्र कोणालाच नव्हती. सूटर यांना तो प्रश्न तरी विचारला गेला होता; उत्तर ऐकले नाही, ही ऐकणाऱ्यांची चूक.