समृद्धीवर रहस्यकथा नीट ऐकू येत नाही, काय करू?

वऱ्हाडी_वाटसरू:
शनिवारी नागपूरहून भिवंडीपर्यंत एकटाच गाडी घेऊन निघतोय. समृद्धीचे 701 किलोमीटर. गाणी लावली की कारंज्याच्या पुढे डोळे जड होतात, म्हणून हल्ली रहस्यकथांची ऑडिओबुकं लावतो. जाग राहते, पण सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा असा घोंघाट की निवेदक कुजबुजला की काही कळत नाही. आवाज वाढवावा, तर पुढच्याच वाक्याला कोणीतरी किंचाळतं! इयरफोन घालू का?

घाटमाथा:
इयरफोन नको भाऊ, मागून ट्रकनं हॉर्न दिला तर कळायचा नाही. इक्वलायझरमध्ये बास खाली आणा, मधली पट्टी वर घ्या. टायरची घरघर खालच्या सुरांत असते, शब्द ओळखू येतात ते त्याच्या वरच्या सुरांत. एसीचा पंखाही एक घर कमी करा, फरक पडतो.

पुस्तक एकाच निवेदकाचं घ्या. पाच-सहा नट आणि मागे संगीत असलेलं घरी ऐकायला झकास, गाडीत निम्मं वाया जातं. पात्रंही कमी हवीत. 'हा देशमुखांचा धाकटा की मधला?' असा प्रश्न 120च्या वेगात पडला की हात आपसूक मोबाइलकडे जातो. तिथं हात लावायचाच नाही. एखादा धागा सुटला तर सुटू द्या, इन्स्पेक्टरसाहेब शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून पहिल्यापासून सांगतातच (काही तर जरा जास्तच सांगतात).

सिन्नरची_ताई:
घरूनच डाउनलोड करून निघा. इगतपुरीचा बोगदा आठेक किलोमीटरचा, आत नेटचा भरवसा नाही. तिकडे खुनी दाराची कडी काढतोय आणि इकडे स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

शंकासुर:
कथा कितीही रंगली तरी डुलकी लागायची ती लागतेच. पेंग आली की इंटरचेंजला बाहेर पडून वीस मिनिटं आडवे व्हा. आणि पुस्तकात पाठलाग सुरू झाला की स्वतःचा काटा बघत जा!

वऱ्हाडी_वाटसरू:
काट्याचं बायकोही म्हणते. क्रूझ कंट्रोल 100वर लावतो. ताई, डाउनलोड करतोच आज. घाटमाथा, बास कमी केला, पार्किंगमध्ये तरी आवाज मोकळा वाटतोय. आता एकच निवेदक, मोजकी पात्रं आणि सात-आठ तास पुरेल असं काही सुचवा की. भुताखेताचं नको, परतताना रात्र होणार आहे.