शब्दचर्चा: क्वार्टरबॅकच्या जागेसाठी 'लढत', 'चुरस' की 'चढाओढ'?

चाफा

नमस्कार. आमच्या मंडळाच्या अंकासाठी जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावर लेख लिहिते आहे. अंक इथल्या घरांत वाचला जातो आणि भारतात आईवडिलांकडे, सासूसासऱ्यांकडेही जातो. त्यामुळे खेळ न पाहिलेल्या माणसालाही कळेल असं मराठी हवं आहे.

विषय २०१६ च्या वसंतातला. पंधरा हंगाम मुख्य प्रशिक्षक असलेल्या मार्क रिक्ट यांना नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस पदावरून दूर केलं आणि त्यांच्या जागी कर्बी स्मार्ट आले. स्मार्ट स्वतः याच विद्यापीठाकडून खेळलेले, मधली कितीतरी वर्षं अलाबामाच्या बचावफळीचे प्रशिक्षक. क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या) एका जागेसाठी त्यांच्यापुढे तिघे होते. ग्रेसन लॅम्बर्ट आदल्या हंगामात बहुतेक सामन्यांत पहिल्यापासून खेळलेला. ब्राइस रॅम्झी संघात मुरलेला, पण कायम दुसऱ्या क्रमांकावर. आणि जेकब ईसन, वॉशिंग्टन राज्यातल्या लेक स्टीव्हन्सचा उंचापुरा मुलगा. त्याने डिसेंबरातच शाळा संपवली आणि जानेवारीत विद्यापीठाच्या गावी, जॉर्जियातल्या अथेन्सला येऊन कॉलेजात दाखल झाला, म्हणजे वसंतातला सराव त्याला मिळाला.

माझं वाक्य इथे अडलं आहे: "नवे प्रशिक्षक आले आणि एका जागेसाठी तिघांत ______ सुरू झाली." लढत, स्पर्धा, चुरस, रस्सीखेच सगळं घालून पाहिलं. प्रत्येक शब्दाने अर्थ थोडा सरकतो. तुम्ही काय लिहाल?

रंकाळा

चढाओढ. डोळे मिटून.

कोल्हापुरात आम्ही फुटबॉलवरच वाढलो (तुमचा नव्हे, पायाने खेळायचा). शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की दुसऱ्या दिवशी पेपरात 'लढत' येतं, आणि ते बरोबरच आहे. दोन तालमी, दोन पेठा, दोन झेंडे. पण एकाच तालमीत गोलरक्षक कोण उभा राहणार यावरून दोन पोरांत जे चालतं त्याला कुणी लढत म्हणत नाही. दोघं एकाच रंगाचा शर्ट घालतात, एकाच वस्तादाचं ऐकतात, आणि उद्या एकजण खेळला तर दुसरा बाहेरून त्याच्याच नावाने ओरडतो. तिथे चढाओढच. एकाने चढायचं, दुसऱ्याने त्याच्या वर चढायचं. त्यात पाडापाडी नाही.

मुळाक्षर

रंकाळा यांच्याशी सहमत. बाकीचे शब्द का बसत नाहीत तेही सांगतो, कारण चाफा यांना लेखात पुढेमागे ते लागतीलच.

'स्पर्धा' शब्द चुकीचा नाही, पण मराठीत त्याला आता आयोजनाचा वास लागला आहे. वक्तृत्व स्पर्धा, रांगोळी स्पर्धा. त्यात नावनोंदणी असते, परीक्षक असतात, शेवटी निकाल आणि बक्षीस असतं. अथेन्समध्ये तसं काही जाहीर झालं नव्हतं.

'चुरस' हे माणसांमधलं नातं सांगत नाही, निकाल किती अटीतटीचा आहे ते सांगतं. तिघांत चढाओढ असेल आणि तरी चुरस नसेल, कारण एकजण उघडच पुढे आहे. म्हणून 'चुरस वाढली', 'चुरस उरली नाही' असं त्या चढाओढीबद्दल नंतर म्हणता येईल. गाळलेल्या जागी मात्र ते अपुरं पडेल.

'रस्सीखेच' मंत्रिपदासाठी आणि तिकिटासाठी वर्तमानपत्रांनी रूढ केली. दोरीला टोकं दोन, इथे मुलं तीन. शिवाय रस्सीखेच म्हटलं की प्रत्येकामागे ओढणारा गट आहे असं वाटतं. चाहत्यांचे तसे गट होतेही, पण ते गावात. मैदानावर नव्हते.

डोंगरवाट

मी त्या काळात अटलांटात होतो आणि हा हंगाम जवळून पाहिला, म्हणून तपशिलाचं बोलतो.

लॅम्बर्टला लेखात नुसता 'जुना खेळाडू' करून टाकू नका. तो व्हर्जिनिया विद्यापीठातून पदवी घेऊन जॉर्जियात आला होता आणि सप्टेंबर २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध त्याने २५ पैकी २४ पास अचूक पोचवले होते. एका सामन्यातल्या अचूकतेचा तो राष्ट्रीय विक्रम ठरला. असा माणूस जागेवर असताना गावभर चर्चा मात्र ईसनची, कारण त्याच्या खांद्यात ताकद होती. चेंडू हातातून सुटला की कळायचं.

आणि एक. यात 'कोण जिंकला' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ३ सप्टेंबर २०१६ ला जॉर्जिया डोममध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्यापासून खेळला लॅम्बर्ट. पण त्याच सामन्यात ईसनही उतरला, जॉर्जिया ३३-२४ ने जिंकली, आणि दुसऱ्या सामन्यापासून पुढचे सगळे सामने ईसननेच सुरू केले. तेव्हा 'लॅम्बर्टने बाजी मारली' असं लिहिलंत तर खोटं, आणि 'ईसनने वसंतातच जागा पटकावली' असं लिहिलंत तरी खोटं.

चाफा

डोंगरवाट, हे फार उपयोगी. मग क्रियापद कुठलं? 'सरस ठरला'?

मुळाक्षर

'सरस ठरला' म्हटलं की निकाल लागला. वसंताबद्दल लिहिताना 'पारडं जड होतं' किंवा 'झुकत होतं' लिहा. तराजू स्थिर झालेला नाही हे त्यात आपोआप येतं. पहिल्या सामन्याबद्दल 'पहिला मान लॅम्बर्टला मिळाला' हे मला सगळ्यात योग्य वाटतं. मान मिळाला म्हणजे जागा कायमची मिळाली असं नाही, आणि आधीच्या वर्षाच्या कामाची कदर केली हेही सुचतं.

'कुणाची वर्णी लागणार' हे मात्र टाळा. वाक्प्रचार झकास आहे, पण वर्णी लागते ती महामंडळावर, समितीवर. कुणाच्या तरी मर्जीने. प्रशिक्षकांवर नकळत आरोप होईल.

नेपथ्य

मला 'स्प्रिंग प्रॅक्टिस' आणि शेवटच्या 'स्प्रिंग गेम'बद्दल बोलायचं आहे. मी नाटकवाला, म्हणून 'तालीम' सुचवतो. आपल्याकडे तालीम नटाचीही असते आणि पैलवानाचीही. अंगमेहनत आणि पाठांतर दोन्ही त्या एका शब्दात आहेत, आणि क्वार्टरबॅकला दोन्ही लागतं. डावांची आख्खी वही पाठ करायची आणि मग ती अंगात भिनवायची. 'वसंतातली तालीम' म्हणा. शेवटचा सामना ती 'रंगीत तालीम'.

डोंगरवाट

'वसंतातली तालीम' छान. 'रंगीत तालीम'वर मी अडतो. रंगीत तालीम म्हटली की पडदा उद्या-परवा उघडणार असतो. हा सामना झाला १६ एप्रिलला आणि हंगाम सुरू झाला सप्टेंबरात. मध्ये साडेचार महिने. त्या काळात ऑगस्टचं सराव शिबिर होतं आणि खरा निर्णय तिथे होतो.

बाकी वातावरण मात्र रंगीतच होतं. आपल्याच संघाचे लाल आणि काळा असे दोन भाग करून आपसात खेळायचं, आणि ते पाहायला सुमारे ९३ हजार लोक! स्मार्ट यांनी चाहत्यांना 'मैदान भरून टाका' असं आवाहन केलं होतं आणि लोकांनी सॅनफर्ड स्टेडियम खरोखर भरून टाकलं. ज्या सामन्याचा निकाल कुठल्याही तक्त्यात जात नाही त्याला इतकी गर्दी मी दुसरीकडे पाहिली नाही.

नेपथ्य

साडेचार महिने हा मुद्दा मान्य. पण आमच्याकडे निवडक लोकांना बोलावून आधी एक पूर्ण तालीम दाखवतात, तेव्हाही पात्रं बदलतात. तरी वाचकाच्या मनात 'उद्या प्रयोग' येणार असेल तर 'आपसातला सामना' बरा. साधा आहे आणि खेडेगावातल्या माणसालाही कळेल.

रंकाळा

'आपसातला सामना' म्हणा. आम्हीही तेच म्हणतो. आणि क्वार्टरबॅकच्या अंगाला हात लागला की शिट्टी होते, त्याला खाली पाडायचं नसतं, हे एका ओळीत लिहा. नाहीतर आमच्यासारख्याला वाटेल तिथे खराच पराक्रम दिसला. ज्याला पाडणार नाहीत त्याची हिंमत कशी कळणार? फेक कळेल, नजर कळेल.

चाफा

हे मी नक्की घेते. 'वसंत' शब्दाबद्दल शंका आहे. माझ्या आईला मार्च-एप्रिल म्हणजे उन्हाळा. आंब्याची पेटी कधी येणार याचे दिवस. 'वसंतातली तालीम' तिला काव्यात्मक वाटेल का?

मुळाक्षर

वाटू दे थोडी. पण पंचांग तुमच्या बाजूने आहे. त्या वर्षी गुढीपाडवा ८ एप्रिलला होता आणि रामनवमी १५ एप्रिलला. म्हणजे हा सामना रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, चैत्र शुद्धात. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा. त्या तारखेला 'वसंत' अक्षरशः बरोबर आहे. 'वासंतिक' मात्र नको, त्याने सुट्टीतले वर्ग आठवतात. 'उन्हाळी शिबिर' तर मुळीच नको, कारण त्यांचा उन्हाळा त्यानंतर येतो आणि त्यात वेगळंच शिबिर असतं.

आता माझ्या आवडीचा शब्द. चाफा, तुम्ही त्या तिघांना काय म्हणणार आहात? 'दावेदार'?

चाफा

हो, दावेदारच लिहिलं होतं.

मुळाक्षर

'उमेदवार' लिहा. दावेदार म्हणजे हक्क सांगणारा. लॅम्बर्टला तो शब्द शोभेल, कारण त्याने आदल्या वर्षी जागा सांभाळली होती. ईसनने कशावर दावा सांगायचा? तो नुकता आलेला, आपल्या भाषेत एफवायचा मुलगा, तोही वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या सत्रात येऊन बसलेला.

उमेदवार या शब्दात दोन पदर आहेत. एक निवडणुकीचा, तो सगळ्यांना माहीत. दुसरा जुना. वकिलाकडे, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर पगाराची अपेक्षा न धरता काम शिकायला राहणाऱ्याला उमेदवार म्हणत. 'त्यांनी अमुक वकिलांकडे उमेदवारी केली' असं चरित्रांत असायचं. 'उमेदवारीचा काळ' अजून आपण म्हणतो. आता त्या वसंताकडे पाहा. ईसन जागेसाठी उभा होता आणि त्याच वेळी धंदा शिकत होता. शाळेत ज्या बचावासमोर फेकायचा तो निराळा, इथे समोर पाचव्या वर्षाची दांडगी माणसं. डाव ओळखायचा कसा, पाय कसे ठेवायचे, चेंडू कधी हातातच ठेवायचा हे तो दिवसा शिकणार आणि त्याच सरावात त्याची पारखही होणार. नियमाने वसंतात अशी सराव-सत्रं फक्त पंधरा. 'ईसनची उमेदवारी' या दोन शब्दांत हे सगळं येतं. मी तर लेखाचं शीर्षकच ते करीन.

नेपथ्य

वा. हे घ्याच.

डोंगरवाट

पंधरा सत्रांचा उल्लेख झाला म्हणून: सरावात सगळा प्रश्न असतो पहिल्या फळीबरोबर कुणाला किती डाव मिळाले हा. इथली मुलं त्याला 'रेप्स' म्हणतात. मराठी मासिकात 'रेप्स' चालेल, व्यायामशाळेमुळे तो शब्द घरोघरी पोचला आहे, पण तिथे त्याचा अर्थ डंबेल उचलणं होतो.

रंकाळा

'हात बसणे' आहे की. पहिल्या फळीबरोबर जितके डाव खेळायला मिळतील तितका हात बसतो. चेंडू मागे देणारा गडी, पुढे पळणारे गडी, कोण किती वेगात वळतो, हे बघून कळत नाही, सोबत खेळून कळतं. तिघांत वाटणी झाली तर कुणाचाच हात पुरता बसत नाही, हीच प्रशिक्षकाची खरी अडचण. 'फळी' शब्दही ठेवा. पहिली फळी, दुसरी फळी म्हटलं की तो क्रमवारीचा तक्ता वेगळा समजवावा लागत नाही.

'डाव' एकदा फोड करून सांगा. क्रिकेटवाल्याला डाव म्हणजे पन्नास षटकं. इथे डाव कुस्तीतल्यासारखा, काही सेकंदांचा. चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला.

चाफा

क्वार्टरबॅकला 'सूत्रधार' म्हणू का? एका जुन्या लेखात वाचला होता.

नेपथ्य

नको. सूत्रं प्रशिक्षकांच्या हातात असतात. बहुतेक संघांत डाव बाहेरून सांगितला जातो, तो मैदानात नेऊन दहा जणांकडून करवून घेणारा क्वार्टरबॅक. शिवाय तुम्हीच दुसऱ्या परिच्छेदात 'स्मार्ट यांनी सूत्रं हाती घेतली' असं लिहिणार. क्वार्टरबॅक हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचं काम एका वाक्यात सांगा.

डोंगरवाट

लेख २०१७ पर्यंत जाणार असेल तर 'बदली' हा शब्द जपून. त्या वर्षी पहिल्याच सामन्यात, अ‍ॅपलाचियन स्टेटविरुद्ध, ईसनचा गुडघा दुखावला आणि नवा मुलगा जेक फ्रॉम उतरला. तो 'बदली खेळाडू' म्हणून उतरला हे ठीक. पण त्यानेच संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं (अलाबामाकडून जादा वेळेत २६-२३ अशी हार), आणि मग ईसन वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तिथे 'ईसनची बदली झाली' लिहिलंत तर वाचकाला वाटेल सरकारी आदेश निघाला. 'ईसनने विद्यापीठ बदललं' हे स्वच्छ.

मुळाक्षर

अगदी. बदली होते, विद्यापीठ बदलतो. कर्ता महत्त्वाचा, कारण हा निर्णय त्या मुलाचा होता.

चाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: 'क्वार्टरबॅकाने' की 'क्वार्टरबॅकने'? 'तिघा क्वार्टरबॅकांमध्ये' चालेल का?

मुळाक्षर

मुरलेले परके शब्द सामान्यरूप घेतात: कोटाचा खिसा, टेबलाखाली, स्टेशनावर. अलीकडचे सहसा घेत नाहीत: लॅपटॉपवर, मोबाइलमध्ये. क्वार्टरबॅक अजून दुसऱ्या गटात आहे, म्हणून एकवचनी 'क्वार्टरबॅकने', 'क्वार्टरबॅकचा'. अनेकवचनात मात्र अनुस्वाराशिवाय वाक्य लंगडतं. 'डॉक्टरने' आणि 'डॉक्टरांमध्ये' जसं दोन्ही म्हणतो तसं 'तिघा क्वार्टरबॅकांमध्ये' बिनधास्त लिहा.