परळने १९७० मध्ये स्वतःच्या हिताविरुद्ध मत दिले का?

परळचा रहिवासी: मतदार पोट विसरून अस्मितेला मत देतो, असे मला खेदाने म्हणावे लागते. आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांची जून १९७० मध्ये हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत, पगार, बोनस आणि कायम नसलेल्या बदली कामगारांसाठी कम्युनिस्टांच्या लाल बावट्याने वर्षानुवर्षे लढा दिलेला असूनही, गिरणी कामगारांच्या परळने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना नाकारून शिवसेनेचे वामनराव महाडिक यांना विधानसभेत पाठवले. मत मराठीपणाला गेले, हिताला नव्हे.

दादरची वाचक: मराठीपणा आणि पोट यांची अशी फारकत मला मान्य नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना नोकऱ्यांत मराठी माणसाला प्राधान्य मागत होती. माझे काका तेव्हा मॅट्रिक होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होते. त्यांना ही मागणी म्हणजे रोजच्या भाकरीचाच प्रश्न वाटे. गिरणीत साच्यावर (मागावर) उभा राहणारा बाप आणि कारकुनीची आस धरलेला मुलगा चाळीच्या एकाच खोलीत राहत होते, पण त्यांचे हित एक नव्हते. आपण बापाचे हित तेवढे मोजत आहात. शिवाय १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, याच भागाने १९८२ च्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवले, हे विसरू नये.

परळचा रहिवासी: बापलेकांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मान्य करतो. तरीही १९८५ मध्ये महापालिका शिवसेनेकडेच गेली.

भायखळ्याचा वाचक: दादरच्या ताई, दाखला, रुग्णालयातील खाट, तुंबलेले गटार यांसाठी शिवसेनेच्या शाखेचे दार उघडे असे, म्हणून ते मतही हिताचेच होते. परंतु हे हित फार जवळचे होते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास होताना साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि जवळपास तेवढाच म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि हाती येणारे क्षेत्र अगदी थोडे राहिले. कामगारांच्या घरांवर एवढा घाला पडूनही तो मतदानाचा मुख्य प्रश्न झाला नाही.

दादरची वाचक: तो दोष मतदाराचा कसा? ती दुरुस्ती सोप्या मराठीत चाळीपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणत्या पक्षाने नेटाने केले, ते आधी सांगा.