चांदण्या का विझतात, आणि जुन्या घड्याळांबद्दल

छतावर चिकटवायच्या, अंधारात चमकणाऱ्या चांदण्या अर्ध्या तासात विझतात, शिवाय त्यांतून किरणोत्सर्ग होतो, अशी एक तक्रार असते. किरणोत्सर्गाची काळजी नको. त्या फक्त साठवलेला प्रकाश हळूहळू परत सोडतात. विझण्याचं कारण बहुतेक वेळा पदार्थातच असतं. स्वस्त चांदण्यांत तांब्याचा अंश मिसळलेलं झिंक सल्फाइड असतं, त्याचा दम तेवढाच. १९९०च्या दशकात जपानच्या नेमोटो कंपनीने युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं घातलेलं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट आणलं, ते अंधारात कित्येक तास हिरवं दिसत राहतं. पाकिटावर स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट हे नाव असेल तरच घ्या. मात्र पाण्याने ते खराब होतं, बाहेरच्या पायऱ्यांना लावायचं तर वर पक्का थर हवा.

आणि चार्ज करायला निळा किंवा अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे ऊन, नाहीतर पांढरा एलईडी. लाल दिव्याखाली कितीही ठेवा, उपयोग नाही.

खरं सांभाळून राहायचं ते आजोबांच्या जुन्या घड्याळापासून. १९६०च्या आधीच्या कित्येक तबकड्यांवर खरोखरचं, किरणोत्सर्गी रेडियम असायचं. काटे आता चमकत नाहीत, कारण त्यांच्या रंगातलं झिंक सल्फाइड रेडियमच्या किरणांच्या माऱ्याने निकामी झालंय. रेडियमचं अर्धायुष्य (ते निम्मं उरायला लागणारा काळ) मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडून तो रंग कृपया खरवडू नका.